जनजीवन पूर्वपदावर!

मराठी वर्तमानपत्रात एक वाक्य असे आहे की, त्याच्यावर आजवर कोणी अब्रूनुकसानीचा दावा लावला नाही, त्याच्याविरुद्ध कोणी मोर्चा काढला नाही, आणि ते छापल्याबद्दल कोणा संपादकाला दिलगिरीची चौकटही द्यावी लागलेली नाही. 'जनजीवन पूर्वपदावर' हे ते वाक्य. पूर येवो, भूकंप होवो, दंगल पेटो की संप चिघळो, दोन किंवा फार तर चार दिवसांनी हे वाक्य हजर होते आणि त्या प्रकरणावर पडदा पाडून निघून जाते. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर क्रिकेट असते.

माझे म्हणणे असे की, हे वाक्य बातमी नव्हे. तो निकाल आहे. बातमीच्या वेषात आलेला, कोणी दिला ते न सांगणारा, आणि ज्यांच्याबद्दल दिला त्यांना एका शब्दानेही न विचारणारा निकाल! फराळाचे ताट पुढे ठेवून हा अंक चाळणाऱ्या वाचकांना मी चार गमतीच्या गोष्टी सांगाव्यात हे बरे, हे मलाही कळते. पण वर्षभर सकाळच्या चहाबरोबर आपण जे निमूटपणे गिळतो, त्याची चव कधीतरी तपासायला हवी, आणि त्यासाठी दिवाळीइतकी निवांत सवड दुसरी नाही.

मी चित्रकला शिकवणारा मास्तर. मॅट्रिक झालो, म्हणजे आजची दहावी, आणि त्यावर चित्रकलेची पदविका घेतली. कादंबऱ्या लिहितो, पण त्याने काही विद्वत्ता येत नाही. तरी व्याकरणाचे गुरुजी रजेवर असले की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडतो, त्यामुळे समासांशी माझी तोंडओळख आहे. समासात दोन पदे असतात, पूर्वपद आणि उत्तरपद. 'राजवाडा' म्हटले की राजा हे पूर्वपद आणि वाडा हे उत्तरपद. तत्पुरुष समासात महत्त्व दुसऱ्या पदाला. अव्ययीभावात ते पहिल्याला. आमच्या वर्तमानपत्रांचा सगळा कारभार अव्ययीभाव आहे. पूर्वपद सापडले की काम संपले. पुढे काय झाले याचा शोध कोणी घेत नाही.

मुंबईचेच पाहा. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटर. एकाच शहराच्या दोन टोकांना एकाच दिवशी दोन वेगळी आभाळे! कुलाब्याच्या माणसाने त्या दिवशी छत्री उघडली आणि मिटली. कुर्ला-कलिन्याकडच्या माणसाने घराचे दार पाण्याने उघडलेले पाहिले. त्या अतिवृष्टीत महाराष्ट्रात हजाराहून अधिक माणसे गेली. आणि नंतर? नंतर गाड्या सुरू झाल्या, कचेऱ्या उघडल्या, आणि मुंबई पूर्वपदावर आल्याचे आपण सर्वांनी वाचले. ओल्या गाद्या अजून रस्त्यावर वाळत होत्या. मग लेप्टोस्पायरोसिस नावाचा, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पूर्वी न ऐकलेला ताप आला आणि इस्पितळे भरली. ही माणसे पूर्वपदावर आलेल्या शहरातच आजारी पडली, असे म्हणायचे की काय?

'मुंबई पूर्वपदावर' या मथळ्यातली मुंबई कोणती, असा प्रश्न विचारला की सगळा गुंता सुटतो. कामावर जाणारी मुंबई. घड्याळात वेळ दाखवणारी, फलाटावर उभी राहणारी, तिकिटाचे पैसे देणारी मुंबई. तिची चाके फिरू लागली की शहर बरे झाले. ज्याचे रेशनकार्ड, सातबारा, मुलीची गुणपत्रिका आणि बायकोचे शिवणयंत्र पाण्यात गेले तो माणूस त्या मथळ्यात नाही. त्याचे पूर्वपद यायला तीन वर्षे लागली असतील, किंवा ते आलेच नसेल. पण तीन वर्षांनी मथळे देत नाहीत.

याच शहरात ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांच्या आत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मारली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक पुन्हा त्याच गाड्यांत चढले. झाले! 'मुंबईचे स्पिरिट' या दोन शब्दांवर तेव्हापासून किती शाई खर्ची पडली असेल याचा हिशेब नाही. मला त्या चढणाऱ्या माणसांबद्दल आदरच आहे. पण ती धैर्याने चढली की रजा नव्हती म्हणून चढली, हे कोणी त्यांना विचारले होते का? रोजंदारीवरचा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर गेला, तर त्याच्या चुलीची गरज तुमच्या लेखणीत शौर्य कशी होते? त्या खटल्याचे पुढे काय झाले तेही सांगतो. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा झालेल्या बाराही आरोपींना निर्दोष ठरवले, आणि सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे आपला माणूस कोणी मारला, हे एकोणीस वर्षांनंतरही त्या घरांना पक्के ठाऊक नाही. शहर मात्र दुसऱ्याच दिवशी पूर्वपदावर आले होते.

पण याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. 'लोकल सेवा सुरळीत' असे आपण वाचतो तेव्हा त्या सुरळीतपणात काय काय बसते? २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयात एका जनहित याचिकेवर सुनावणी झाली. तिच्यात मांडलेला आकडा असा की, २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २,५९० प्रवासी मृत्यू पावले. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून, कोणी खांबाला आपटून. दिवसाला सात. न्यायालयाने रेल्वेला खडसावले. त्यानंतर एका वर्षाने, ९ जून २०२५ ला, दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान दोन भरगच्च गाड्या एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. ती बातमी झाली, कारण ती माणसे एकाच वेळी पडली. तीच माणसे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी पडली असती, तर तो दिवस सुरळीत ठरला असता.

सात स्फोटांनी जितकी माणसे नेली, तितकी सुरळीत लोकल महिन्याभराच्या आत नेत होती, आणि त्याबद्दल कोणी 'स्पिरिट'चे नाव काढले नाही! 'सामान्य' या शब्दाची खरी करामत ही. तो काही खोटे सांगत नाही. गाड्या खरोखरच वेळापत्रकाप्रमाणे धावत असतात. रोज मरणारी माणसे त्याने वेळापत्रकात धरलेली असतात, एवढेच.

हा शब्द असा लबाड कसा झाला? आमच्या मुलांच्या कंपासपेटीत दोन गुण्ये असतात. सुताराकडे आणि गवंड्याकडेही गुण्या असतो. भिंत काटकोनात आहे की नाही ते तो सांगतो. इंग्रजीतला 'नॉर्मल' हा शब्द लॅटिनमधल्या 'नॉर्मा'वरून आला, आणि नॉर्मा म्हणजे हाच गुण्या. भूमितीत अजूनही लंबरेषेला नॉर्मल म्हणतात. शिक्षक घडवणाऱ्या शाळांना इंग्रजी अमदानीत 'नॉर्मल स्कूल' म्हणत, ते याच अर्थाने: तिथे शिकवण्याचा काटकोन शिकवला जाई. म्हणजे मुळात शब्द होता 'बरोबर काय' ते सांगणारा.

पुढे एकोणिसाव्या शतकात बेल्जममध्ये केटले नावाचा एक ज्योतिर्विद झाला. तारे मोजताना ज्या चुका होतात, त्यांची सरासरी काढली की खरी जागा सापडते, हे त्याला ठाऊक होते. तीच युक्ती त्याने माणसांवर चालवली. ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे त्याने तपासून पाहिली. बहुतेक चाळीस इंचांच्या आसपास, आणि दोन्ही बाजूंना कमी कमी होत गेलेली. इथवर ठीक. पण १८३५ पासूनच तो म्हणत आला होता की, हा जो सरासरी माणूस, तोच निसर्गाच्या मनातला माणूस, आणि बाकीचे त्याच्यापासून चुकलेले. ताऱ्याची जागा एकच असते, हे खरे. माणसाच्या छातीची खरी जागा कोणती? अठ्ठेचाळीस इंची छातीचा एखादा मल्ल ही निसर्गाची मोजण्यातली चूक म्हणायची का?

पण शब्द फसला तो फसलाच. 'बरोबर काय', 'सरासरी किती' आणि 'नेहमी काय चालते' हे तीन वेगवेगळे प्रश्न. तिन्हींना उत्तर एकच, नॉर्मल! मराठीत सुदैवाने आपल्याकडे निरनिराळे शब्द आहेत. सरासरी आहे, नेहमीचे आहे, पूर्ववत आहे, सुरळीत आहे, योग्य आहे. आणि 'सामान्य' तर बहुरूपीच. 'आमची परिस्थिती सामान्य आहे' असे मुलीचा बाप म्हणाला तर त्याचा अर्थ घरात हुंड्याला पैसा नाही. 'परिस्थिती सामान्य आहे' असे पोलीस अधीक्षक म्हणाले तर त्याचा अर्थ नाक्यावर बंदोबस्त आहे. इतके शब्द घरात असताना बातमी लिहिणारा नेमका तो शब्द उचलतो, ज्यात तिन्ही अर्थ एकत्र कालवता येतात.

आता पावसाचे घ्या, कारण माझा तालुका दुष्काळी पट्ट्यातला आणि आमच्याकडे पावसाची बातमी देवाच्या प्रसादासारखी वाचतात. 'यंदा पाऊस सामान्य' असा मथळा आला की शेतकरी बियाणे आणतो. हवामान खात्याच्या हिशेबात सामान्य म्हणजे साऱ्या देशाच्या चार महिन्यांच्या दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के. ही सरासरीही कायमची नव्हे. १९६१ ते २०१० या वर्षांवरून काढलेली सरासरी ८८ सेंटिमीटर होती. २०२२ पासून १९७१ ते २०२० या वर्षांची धरली, ती ८७ निघाली. म्हणजे पाऊस कमी पडत गेला तर सामान्यही त्याच्यामागे एकेक पायरी उतरते. यात खात्याची लबाडी नाही. सरासरी अशीच काढतात. पण मथळ्यात ही पायरी कधी दिसली आहे?

बरे, ९६ ते १०४ हे देशासाठी. जिल्ह्याला हिशेब वेगळा. जिल्ह्यात सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पडला तरी नकाशात तो 'सामान्य', आणि त्याला रंग हिरवा. शंभरातले एक्क्याऐंशी! माझ्या वर्गात एक्क्याऐंशी गुण मिळवणारा मुलगा हुशार गणला जातो, पण विहिरीला गुणपत्रिका देत नाहीत. शिवाय तो एक्क्याऐंशी टक्के पाऊस कधी पडला, हे नकाशा सांगत नाही. पेरणीनंतर पाच आठवडे आभाळ कोरडे राहिले आणि सप्टेंबरच्या अखेरीस तीन रात्रीत सगळी कसर भरून निघाली, तरी बेरीज तीच येते. पहिल्या पावसाने उगवलेले सोयाबीन मधल्या काळात जळते, दुसऱ्या पावसाने उरलेले कुजते. जिल्हा हिरवा.

हे काही मी कादंबरीकाराच्या कल्पनेने रचत नाही. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. पण जुलै आणि सप्टेंबर बरे गेले, तेव्हा मोसमाची बेरीज ९४ टक्क्यांवर आली. सामान्याच्या उंबरठ्याला दोन पावले कमी, एवढेच! त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. आणि गंमत, तिला गंमत म्हणवत नाही पण, दुष्काळ हा शब्दही हवामान खात्याने २०१६ साली आपल्या कोशातून काढून टाकला. आता 'दुष्काळी वर्ष' नाही, 'तुटीचे वर्ष' म्हणायचे. खात्याचे म्हणणे असे की, आम्ही पाऊस मोजतो, दुष्काळ ठरवणे आमचे काम नव्हे. ते म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने खोटे नाही. माझा राग शास्त्रज्ञावर नाहीच. त्याच्या तक्त्यातला 'सामान्य' हा शब्द जसाच्या तसा उचलून, 'बळीराजासाठी आनंदवार्ता' असा मथळा त्याच्यावर चढवणाऱ्यावर आहे. तक्त्यात तो शब्द हवेचे माप असतो. मथळ्यात तो आश्वासन होतो. कृषी सेवा केंद्रातला दुकानदार ते कात्रण काउंटरच्या काचेखाली ठेवतो.

आणि पाऊस निदान मोजता तरी येतो. जिथे मोजायचे काही नसते, तिथे हा शब्द सरकारच्या हाती पडला म्हणजे काय होते, ते आपण १९७५ मध्ये पाहिले आहे. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण माझ्या वडिलांनी पाहिले. गाड्या वेळेवर धावतात, कचेऱ्यांत बाबू वेळेवर येतात, देशात सगळे कसे शिस्तीत चालले आहे! खरेच चालले असेल. ज्यांना विचारायचे होते ते तुरुंगात होते आणि ज्यांनी लिहायचे त्यांच्यावर सेन्सॉर बसला होता. २८ जून १९७५ ला दिल्लीच्या 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्या महिन्यांतल्या छापलेल्या मजकुरापेक्षा ती कोरी जागाच वाचकाला जास्त सांगून गेली. पुढचे उदाहरण ताजे आहे. जम्मू-काश्मीरमध्ये २०१९ च्या ऑगस्टपासून 'परिस्थिती सामान्य' असल्याचे आपण वरचेवर वाचत होतो. तिथल्या माणसाच्या फोनवर पूर्वीच्या वेगाचे इंटरनेट आले ते २०२१ च्या फेब्रुवारीत. तिथे जे केले ते योग्य की अयोग्य, यावर तुमचे-माझे मत काहीही असो. ज्या गावात दीड वर्ष फोन नीट चालत नाही त्या गावाला सामान्य म्हणायचे, तर मग असामान्य कोणत्या गावाला म्हणणार? आणखी एक प्रयोग आहे, 'तणावपूर्ण शांतता'. त्याच्याबद्दल मात्र मला आदर आहे. निदान तो दोन्ही बाजू सांगतो.

आतापर्यंत शहर, पाऊस आणि राज्य यांच्याबद्दल बोललो. हाच गुण्या जेव्हा एका माणसाला लावतात तेव्हा तो कसा लागतो, ते मी घरात पाहिले आहे.

माझा आतेभाऊ लहानपणापासून अडखळत बोलायचा. मोठेपणी बोलणेच त्याने कमी केले. आपल्याशी पुटपुटत असे. पण सायकली दुरुस्त करण्यात त्याचा हात असा की, आमच्या गावातल्या अर्ध्या सायकलींचा आवाज त्याला ओळखू येई. संध्याकाळी नदीच्या घाटावर जाऊन बसायचा. एका श्रावणात पाण्याला ओढ होती, पायरीवर शेवाळ होते. तो घसरला आणि गेला. तिसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: 'वेडसर तरुणाचा बुडून मृत्यू'. त्याचे नाव खाली बारीक अक्षरात. घाटावर कपडे धुणाऱ्या कोणीतरी पंचनाम्याच्या वेळी सांगितले की तो स्वतःशी बोलायचा. तेवढ्यावर बातमीदाराने त्याची जन्मभराची जात ठरवून टाकली. आत्या मला म्हणाली, "अरे, तू लिहिणाऱ्यांतला ना? मग त्या लोकांना एवढं विचार, वेडसर म्हणजे किती वेडा? त्यानं कुणाची एक सायकल तरी वाकडी बांधली होती का?" मी विचारायला गेलो. त्या कचेरीत मला फार सभ्यपणे सांगण्यात आले की, बातमीला कारण द्यावे लागते. धडधाकट माणूस उगाच कसा बुडेल?

धडधाकट माणूस उगाच कसा बुडेल! या एका वाक्यात सगळे आले. शेवाळ झालेल्या पायऱ्यांचे नाव नको, घाटाला कठडा नाही याची चौकशी नको, नगरपालिकेला प्रश्न नको. 'वेडसर' म्हटले की कारण माणसाच्या डोक्यात जाऊन बसते आणि घाट सामान्य राहतो. पुढच्या वर्षी त्याच पायरीवरून शाळेतला एक मुलगा घसरला. तो वाचला, म्हणून बातमी नाही.

'माथेफिरू' हा त्याचा थोरला भाऊ. 'माथेफिरूचा चाकूहल्ला', 'माथेफिरूने गाड्या पेटवल्या'. कोणा डॉक्टरने तपासले? कोणी नाही. वाचकाला एक दिलासा मिळतो, की हे आपल्यासारख्याचे काम नव्हे. आणि तो दिलासा कोणाच्या खर्चाने मिळतो ते पाहा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांत एकाला मानसिक आजार असल्याचे दिसले. म्हणजे या अंकाच्या वाचकांपैकी कितीतरी घरांत असे एखादे माणूस आहे; गोळ्या घेऊन कामाला जाते, भाजी आणते, मुलांचा अभ्यास घेते. ते सकाळी वर्तमानपत्र उघडते आणि आपल्या आजाराचे नाव चाकूशेजारी छापलेले वाचते. ते माणूस डॉक्टरकडे जायचे असेल तर जाईल का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्या माणसाचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीशिवाय छापायला बंदी केली, २०१९ मध्ये प्रेस कौन्सिलनेही मार्गदर्शक सूचना काढल्या. सूचना फायलीत आहेत. मथळे होते तिथेच आहेत.

'विकृत' हा शब्द तर त्याहून सोयीचा. स्त्रीवरच्या अत्याचाराची बातमी आली की 'विकृत नराधम' हे जोडनाव ठरलेले. ऐकायला फार संतापाचे वाटते. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे एकच सांगतात: बलात्काराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मालक, लग्नाचे वचन देणारा. म्हणजे चारचौघांसारखा, सत्यनारायणाला येणारा, गणपतीची वर्गणी देणारा. मथळा त्याला गावाच्या वेशीबाहेरचा राक्षस करतो आणि आपण घरातली माणसे निश्चिंत होतो. जी मुलगी धीर करून आईला सांगते की तो काकाच आहे, तिला आई काय म्हणते? "काहीतरीच काय बोलतेस, ते किती साधे आहेत!" आईने विकृत माणसाचे चित्र वर्तमानपत्रात पाहिलेले असते. काका तसे दिसत नाहीत.

याबद्दल माझे एका उपसंपादक स्नेह्याशी भांडण झाले. माणूस सज्जन, माझ्या दोन कादंबऱ्यांची मुद्रिते त्याने फुकट तपासली आहेत. तो म्हणाला, "मास्तर, तुम्हांला काय जातं बोलायला? रेल्वे पत्रक काढते, सेवा सुरळीत. वेधशाळा पत्रक काढते, पाऊस सामान्य. पोलीस सांगतात, आरोपी मनोरुग्ण. ओली घरं पत्रक काढतात का? पूर्वी तालुक्याला आमचा माणूस होता, तो सायकल काढून जायचा. आता एक माणूस तीन तालुके बघतो आणि वर जाहिरातीही गोळा करतो." हे म्हणणे मी मान्य करतो. त्यात त्याचा दोष थोडा आणि मालकाचा फार आहे. पण मग रेल्वे म्हणते ते रेल्वेच्या नावावर लिहा ना! 'रेल्वेच्या म्हणण्याप्रमाणे' हे शब्द लिहायला सायकल लागत नाही. पोलिसांनी मनोरुग्ण म्हटले तर पोलिसांनी म्हटले असे लिहा, आणि पुढच्या ओळीत लिहा की डॉक्टरांची तपासणी झालेली नाही. पाऊस सामान्य असेल तर खाली एक ओळ द्या, आपल्या तालुक्यात किती दिवस कोरडे गेले. तो आकडा तहसील कचेरीत मिळतो. मी स्वतः दोनदा आणला आहे.

"जागा नसते हो," तो म्हणाला. "मथळ्याला अक्षरं मोजून असतात."

मग आम्ही त्याच्याच टेबलावर बसून अक्षरे मोजली. 'जनजीवन पूर्वपदावर' ही अकरा भरतात. मी त्याच्या पॅडवर लिहून दिले, 'गाड्या सुरू, घरे ओलीच'. त्याने पेन्सिलीचे टोक एकेका अक्षरावर ठेवत मोजले, नऊ. पुन्हा एकदा मोजले. मग तो कागद त्याने खिळ्याला लावला आणि मला चहा सांगितला.